तिसऱ्या खोलीचा गुन्हा

चामोर्शी तालुक्यातले आमचे काकाजी यंदा घर वाढवणार आहेत. थोरल्याचं लग्न ठरलंय आणि घरात खोल्या दोन. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागे वाडीत बांबूच्या ताट्या लावून केलेली न्हाणी. शहरात माणूस असल्या कामासाठी आधी आर्किटेक्ट गाठतो. काकाजींनी ग्रामपंचायतीतला संगणकवाला पोरगा गाठला. त्याने फुकटात पहिला तांत्रिक सल्ला दिला, ‘काकाजी, काही करा, पण खोली काढू नका.’

पोरगा हुशार आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची नियमावली त्याला पाठ आहे. घरकुल मिळतं ते बेघराला, नाहीतर एक-दोन खोल्यांच्या कच्च्या घरात राहणाऱ्याला. तिसरी खोली निघाली की माणूस यादीतून गळतो. मग ती खोली शेणामातीची असो, तिच्यात शेळ्या बांधलेल्या असोत. गरिबीची हद्द सरकारने दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीपाशी आखून ठेवली आहे आणि काकाजींच्या सुनेची खोली नेमकी तिच्या पलीकडे पडते.

हद्द अधूनमधून सरकते, नाही असं नाही. पूर्वी घरात फ्रिज, दुचाकी किंवा लँडलाइन फोन असला तरी माणूस अपात्र ठरायचा. जिथे मोबाइलच्या रेंजसाठी झाडावर चढावं लागतं, तिथे लँडलाइनवाला धनाढ्य कोणी शोधला असेल, देव जाणे. २०२४ मध्ये या अटी काढल्या आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. म्हणजे आता गरिबाने थंड पाणी प्यायला हरकत नाही. फक्त ते दोन खोल्यांतच प्यायचं.

तेव्हा काकाजींचं नियोजन सध्या असं आहे, की काहीच करायचं नाही. मागची भिंत कलली आहे, तिला टेकू द्यायचा नाही. कवेलू फुटलेत, ते बदलायचे नाहीत. पाहणीचा फोटो मोबाइलवर निघतो, त्यात अक्षांश-रेखांशासकट दारिद्र्य दिसलं पाहिजे. काकू म्हणाल्या, ‘पाणी चुलीत पडून राह्यलं जी.’ काकाजी म्हणाले, ‘पडू दे. फोटो निघू दे पहिले.’

आता पैशाचं. घरकुलाला मैदानी मुलखात १ लाख २० हजार आणि आमच्यासारख्या दुर्गम, नक्षलग्रस्त जिल्ह्यात १ लाख ३० हजार मिळतात. जंगल, नक्षलवाद, वाघ, पूर असं सगळं मिळून १० हजारांचा फरक. हा आकडा २०१६ चा. २०२४ मध्ये केंद्राने आणखी २ कोटी घरं मंजूर केली, तीही त्याच दराने. सिमेंटवाल्याला आणि गवंड्याला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. काकाजींनी विचारलं, ‘अन् छत?’

रेतीचं मात्र सोपं आहे. घरकुलवाल्याला ५ ब्रास रेती फुकट. रॉयल्टी माफ, ट्रॅक्टरचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं. वैनगंगा आपलीच, तिचा काठही आपलाच, महाग आहे तो फक्त काठापासून अंगणापर्यंतचा रस्ता. पावसाळ्यात उपसा बंद, उन्हाळ्यात ट्रॅक्टर लग्नाच्या वऱ्हाडात. शेजारच्या चंद्रपुरात तर घराचं सगळं सामान जिल्ह्यातच पिकतं. गडचांदूर-आवारपूरचं सिमेंट आहे, वीज केंद्राच्या राखेच्या विटा आहेत आणि सागवान तर असं, की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून पूजा करून, मिरवणुकीने निघालं. रामाच्या दाराला आमचं लाकूड लागलं याचा काकाजींनाही आनंद आहे. त्यांच्या घरकुलाला लोखंडी पत्र्याचं दार लागेल. पत्र्याची मिरवणूक काढायची पद्धत नाही.

कर्ज? तेही आहे. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, नोटाबंदीच्या रांगा अजून मोडल्या नव्हत्या तेव्हा, पंतप्रधानांनी खेड्यात नवं घर बांधायला किंवा असलेलं वाढवायला घेतलेल्या २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत जाहीर केली होती. असलेलं घर वाढवायला! काकाजींची खोली दिल्लीत एकदा उच्चारली गेली आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ते बँकेत गेले. साहेबांनी नमुना ८ हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, हा कराचा उतारा आहे, मालकीचा कागद कुठाय? मालकीच्या कागदासाठी स्वामित्व योजनेचा ड्रोन गावठाणावरून फिरतो. वरून त्याला काकाजींची फुटकी कवेलू स्पष्ट दिसली असतील.

राहता राहिले तेंदूच्या पुड्यांचे पैसे, धानाचा बोनस आणि काकूंचा बचत गट. या तिघांपैकी वेळेवर येतो तो फक्त गटाच्या हप्त्याचा दिवस.

आणि समजा, मिळालं घरकुल. तर ते किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट सुमारे २७० चौरस फूट. आमच्या गावांत त्याचं काय होतं ते फिरून पाहा. जुन्या मातीच्या घरापुढे ते उभं राहतं, वर योजनेचं नाव रंगवलेलं. आत धानाची पोती, सायकल, नाहीतर नवं जोडपं. म्हातारी माणसं मागेच झोपतात, मातीचं घर उन्हाळ्यात थंड असतं म्हणून. दिल्लीच्या हिशेबात ते एक पूर्ण झालेलं घर, गावाच्या हिशेबात एक जास्तीची खोली. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, म्हणून कोणाची तक्रार नाही. तिसरी खोली काढायचा कायदेशीर मार्ग हाच : ती तिसरी खोली आहे असं कुठे बोलायचं नाही.

काकाजींना हे पटलं, पण ते दूरचं पाहणारे गृहस्थ. धाकटाही दोन वर्षांत लग्नाचा होईल. एका कुटुंबाला एकच घरकुल. तेव्हा संगणकवाल्या पोराने दुसरा सल्ला दिला, की धाकट्याचं रेशनकार्ड आत्ताच वेगळं काढा. घर वाढवायचं तर आधी घर फोडायचं. तहसीलमध्ये अर्ज पडला आहे. चूल एक, ताटं एका ओळीत, कागदावर मात्र दोन भाऊ विभक्त.

अडलंय ते आजीवर. तिला श्रावणबाळचे पैसे मिळतात, त्यामुळे ती आपल्याच कार्डावर हवी म्हणून दोन्ही भावांचं गेल्या आठवड्यात खरोखरच वाजलं.