कोंबड्याला नोटीस बजावा!

सिंदेवाहीत ध्वनिप्रदूषण वाढलं आहे आणि आरोपी सापडला आहे. वय पाच महिने, रंग तांबूस-काळा, तुरा अजून एका बाजूला कललेला. पक्ष नाही, संघटना नाही, गळ्यात उपरणं नाही. मागच्या गल्लीतल्या बुढीच्या सांदवाडीतला, म्हणजे परसातला, हा तरणा कोंबडा पहाटे तीनपासून बांग देतो आणि अख्खा वॉर्ड जागा करतो.

बांग म्हणणं खरं तर धाडसाचं आहे, कारण ती त्याला अजून येत नाही. जाणता कोंबडा छाती काढून, मान ताणून एका दमात काम उरकतो. हा आधी पंख फडफडवतो. मग पहिले दोन स्वर बरे लागतात, तिसऱ्याला घसा बसतो आणि शेवटचा न वंगवलेल्या रहाटासारखा करकरत निघतो. त्या आवाजाला तो स्वतःच दचकतो. मान वाकडी करून इकडेतिकडे पाहतो, जणू हे दुसऱ्याच कुणीतरी केलं. कुणी दिसत नाही म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोटारसायकलचा दिवा भिंतीवर पडला की बांग. बुढी लघवीला उठली, बॅटरी लावली, की बांग. दुपारी दोनला, काही कारण नसताना, बांग.

शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी दोन मजली स्लॅबचं घर बांधलं आणि झोपण्याची खोली नेमकी सांदवाडीच्या बाजूला काढली. गुरुजींनी अर्ज लिहिला आहे. विषय: कोंबड्याचा बंदोबस्त करणेबाबत. अर्जात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला आहे: निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज 45 डेसिबलच्या वर नको. मोबाईलवर मोजून कोंबडा त्यापेक्षा वर जातो हे त्यांनी सिद्धही केलं आहे.

नियम खरा आहे. पण याच नियमाच्या राज्यात गोंदिया-बल्लारशा मार्गावरची मालगाडी मध्यरात्री सिंदेवाहीतून भोंगा वाजवत जाते. लग्नसराईत डीजेच्या दणक्यानं कपाटातल्या स्टीलच्या वाट्या नाचतात. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या येतात, रात्री पडदा उघडतो आणि खलनायकाला मरायला पहाट होते. त्या नाटकाला गुरुजी पहिल्या रांगेत असतात, हे मी पाहिलेलं आहे. मोबाईल तेव्हाही खिशात असतो, पण मोजमाप होत नाही. डीजेला मालक असतो, मालकाला साहेब असतो. नाटकाला आयोजक मंडळ असतं, मंडळाला अध्यक्ष असतो. कोंबड्याला फक्त बुढी आहे.

गुरुजी आधी रीतसर बोलायलाही गेले होते.

"मावशी, तुमचा कोंबडा रातभर झोपू देत नाही जी."

"त्याले मी का सांगू गुरुजी? तुमच्या शाळेत घातला असता तं तुमीच शिकवला असता ना टाइम पाहून ओरडाले."

"टोपल्याखाली झाकून ठेवा मंग त्याले."

"झाकून पाह्यला. आतून ओरडते."

कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही ही म्हण गुरुजींनी कितीतरी पिढ्यांना वहीत पाच वेळा लिहायला लावली असेल. बुढीनं तिचा प्रयोग करून पाहिला, एवढंच. जपानातल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीही तो केला आणि 2013 साली छापला. त्यांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, म्हणजे दिवस-रात्र कळायची सोय काढून घेतली. तरीही ते साधारण 23.8 तासांच्या फेऱ्यानं आरवत राहिले. घड्याळ बाहेर नाही, आत आहे. आणि आमच्या भागात तर त्याला पर्यायच नाही. इथल्या कोंबड्या कनकी, म्हणजे तांदळाचा तुकडा, खातात आणि ती कनकी बहुधा एचएमटीची असते. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडलेल्या या धानाला त्या काळातल्या मनगटी घड्याळाचं नाव मिळालं. रोज घड्याळ गिळणाऱ्या प्राण्याकडून आणखी काय अपेक्षा करता?

त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त पटली. कळपात पहिली बांग ज्येष्ठ कोंबडा देतो. बाकीचे आपापल्या पायरीनुसार मागून आरवतात. ज्येष्ठाला कळपातून काढलं की दुसऱ्या क्रमांकाचा पहिली बांग देऊ लागतो. कोंबड्यांच्या खुराड्यात हे शोधायला जपानला प्रयोगशाळा लागली. आपल्याकडे कुठल्याही पक्षाच्या तालुका बैठकीत चहाच्या पैशात कळलं असतं. बुढीकडचा ज्येष्ठ मोठ्या जावयाच्या पाहुणचारात कामी आला आणि पद रिकामं झालं. या पोरानं अनुभव नसताना पदभार स्वीकारला. आवाज फुटण्याआधी फलक लावणाऱ्यांच्या काळात त्याचं एकट्याचं काय चुकलं?

अर्ज तयार आहे, पण तो कुठल्या टेबलावर ठेवायचा याचा निर्णय होत नाही. पशुसंवर्धनकडे जावं, तर ते खातंच परसातल्या कुक्कुटपालनाला अनुदान देतं. योजनेतला गट 25 तलंगा आणि 3 नर असा. म्हणजे एका लाभार्थ्यामागे तीन बांगा शासनमान्य झाल्या, त्याही 50 टक्के सवलतीत. एका खात्यानं कोंबडा वाटायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या आवाजाचा पंचनामा करायचा, हे आपल्याला नवं नाही, पण गुरुजींना पेन्शनमध्ये ते झेपत नाही.

पोलिसांचा आणि कोंबड्याचा परिचय जुना आहे. धान निघाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कोंबड बाजार भरतात. पायाला धारदार काती बांधून झुंजी लावतात आणि हजारोंच्या पैजा लागतात. मग धाड पडते आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात बातमी येते: इतके इसम ताब्यात, इतक्या दुचाकी, इतकी रोकड, काती आणि झुंजीचे कोंबडे जप्त. जुगाराचा कायदा 1887 चा, प्राण्यांच्या छळाचा 1960 चा. दोन्ही कायद्यांना कोंबडा ठाऊक आहे, पण एकात मुद्देमाल म्हणून आणि दुसऱ्यात पीडित म्हणून. पहाटे स्वतःहून ओरडणारा कोंबडा त्यांना अपरिचित आहे. शिवाय जप्त केलेला कोंबडा ठेवायचा कुठे? तो ठाण्यातही तीन वाजताच उठणार.

बाहेर मात्र या विषयावर बरीच प्रगती झाली आहे. पुण्यात 2019 च्या मे महिन्यात सोमवार पेठेतल्या एका कोंबड्याविरुद्ध समर्थ पोलीस ठाण्यात तक्रार गेली. पुणेकरांनी दुपारच्या झोपेचं महत्त्व देशाला शिकवलं आहे, तेव्हा पहाटेच्या झोपेसाठी ते ठाण्यापर्यंत गेले यात नवल नाही. केरळात अडूरला 2025 च्या फेब्रुवारीत महसूल अधिकाऱ्यांनी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून खुराडं चौदा दिवसांत हलवायला सांगितलं. फ्रान्समध्ये तर एका बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरत्या घरात येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला. सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला. एवढ्यावर न थांबता जानेवारी 2021 मध्ये तिथल्या संसदेनं गावाकडचे आवाज आणि वास हा ग्रामीण वारसा आहे असा कायदाच केला. बुढीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, वासाचंही लिहिलं का? लिहिलं म्हटल्यावर ती समाधानानं शेणाच्या खड्ड्याकडे गेली.

आता थोडं गंभीर होतो, कारण कोंबडा ओरडतो याचं मला तितकंसं दुःख नाही. तो ओरडायचा थांबला की काय होतं हे या भागानं पाहिलं आहे. जानेवारी 2025 मध्ये शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यात मांगलीला कोंबड्या मरू लागल्या आणि बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी नियम साधा आणि निर्दय असतो. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. सांदवाडीतल्या चार कोंबड्या म्हणजे त्या घरचं औषधाचं, वह्यांचं आणि अचानक आलेल्या पाहुण्याचं बजेट असतं. ते एका सकाळी पोत्यात भरून खड्ड्यात जातं. त्याच्या थोडंच आधी चंद्रपूरकडून नागपूरच्या गोरेवाड्याला हलवलेले तीन वाघ आणि एक बिबट दगावले. तपासणीत तोच विषाणू निघाला. ज्या जिल्ह्यात वाघाला भिऊन माणसं संध्याकाळी कडी लावतात, तिथल्या वाघाला पाखरांच्या आजारानं गाठलं.

आणि बर्ड फ्लूची बातमी होते, मानमोडीची होत नाही. दर उन्हाळ्यात ती गावंच्या गावं साफ करते. कोंबडी मान वाकडी करते, गोल गोल फिरते, हिरवट हगते आणि दोन दिवसांत संपते. तिची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि ती अत्यंत स्वस्त आहे. गुरुजींच्या अर्जाला जेवढा कागद लागला, तेवढ्या खर्चात बुढीची सगळी पिल्लं वाचतात. त्यासाठी मात्र अर्ज कुणी करत नाही.

तूर्त निकाल असा. कोंबडा निर्दोष, अर्ज निकाली, गुरुजींनी खिडकी दुसऱ्या भिंतीला काढावी. बुढीनं पुढच्या जावयाला अंड्यावर भागवावं, म्हणजे पद पुन्हा रिकामं होणार नाही. आणि सांदवाडीत कोंबड्या असलेल्या तुम्हा सगळ्यांना दोनच विनंत्या. पिल्लं सात दिवसांची झाली की मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालून घ्या. आणि दिवस बुडायच्या आत कोंबड्या मोजून खुराड्याची कडी लावा, कारण रात्री गावात शिरणारा बिबट ना अर्ज वाचतो ना डेसिबल मोजतो.