मुदतवाढे काका

शेवटची तारीख घाबरट लोकांसाठी असते, असं मानणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. विजेचं बिल ते दंडासकट भरतात. सरकारने मुदत वाढवण्याआधीच आयकराचं विवरणपत्र भरणं त्यांना अधीरपणाचं वाटतं. आमचे मुदतवाढे काका नागपूरचे. वय बासष्ट, रक्तात साखर, जिभेवर त्याहून जास्त.

आरोग्यविम्याची पॉलिसी संपली तेव्हा ते म्हणाले, "तीस दिवसांची सवलत असते ना बाप्पा! काहून घाई करता?" आणि त्याच सवलतीत त्यांनी नागझिऱ्याची सफारी ठरवली.

चोरखमारा गेटवर जिप्सीत बसता बसता विमा एजंट भाच्याचा फोन आला. "मामा, सवलतीत पैसे भरले तर मधुमेहाचं संरक्षण सुरू होण्यासाठी आजवर काढलेली प्रतीक्षा वाया जात नाही, एवढंच. मधल्या दिवसांत दवाखान्यात गेलात तर खर्च तुमचाच. प्रीमियम हप्त्याहप्त्याने भरणाऱ्यांना सवलतीतही संरक्षण असतं. तुम्ही वर्षाचा एकदम भरता."

म्हणजे, भरणार असतात.

काकांनी लगेच मोबाइल काढला, तोवर जिप्सी जंगलात शिरली आणि रेंज गेली. मग काकांनी नाकाला रुमाल बांधला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "भाऊ, हळू. खड्डा दिसला की आधी सांग." नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला. तेव्हापासून लोक इथे वाघ दिसावा म्हणून नवस बोलतात. दिसू नये म्हणून बोलणारे काका पहिलेच असावेत. वाघ नाही, अस्वल दिसलं. सगळे फोटो काढत होते, तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "हे अपघातात धरतात की आजारात?"

गाइड जवळच्याच गावचा. म्हणाला, "अपघातच हो काका. नव्या पॉलिसीत आजारासाठी पयले तीस दिवस थांबा लागते, अपघाताले नाही. पण पॉलिसी त पायजे ना! आमच्यापाशी महात्मा फुले योजना आहे, कुटुंबाले वर्षाचे पाच लाख. तुमचं रेशनकार्ड असन ना?"

"आहे. ई-केवायसी राहिली आहे," काका म्हणाले. "मुदत वाढेलच."

त्या दिवशी ठरल्या वेळेआधी जंगलातून बाहेर पडायची घाई झालेले काका एकटेच होते. रेंज येताच त्यांनी प्रीमियम भरला आणि टपरीवर दोन प्लेट भजी मागवली. गेलेल्या दिवसांचं संरक्षण मात्र पैसे भरूनही मागून मिळत नाही. सवलतीचे तीस दिवसही उलटले असते तर नवी पॉलिसी, आणि मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पहिल्यापासून.

सवलत पॉलिसीचा जीव वाचवते, पॉलिसीवाल्याचा नाही. तुमच्या घरातही असे काका असतील, तर त्यांना समजावत बसू नका. बँकेतून प्रीमियम आपोआप कापला जाईल अशी सोय करा आणि त्यांना सांगूही नका. नाहीतर ते त्यालाही मुदत मागतील.