टाकीपंडित

अमेरिकेतील अरण्यांत सुट्टीच्या दिवशी रंगाच्या गोळ्या झाडून परस्परांस बाद करण्याचा पेंटबॉल नावाचा जो खेळ चालतो, त्यात नेमबाज, पळपुटे आणि झाडाआडचे मुत्सद्दी यांच्याखेरीज एक चौथी जमात हमखास आढळते, ती टाकीपंडितांची.

शत्रूचे निशाण हस्तगत करण्यात या गृहस्थास यत्किंचितही स्वारस्य नसते. बंदुकीच्या पाठीशी जोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टाकीत त्याचा सारा जीव गुंतलेला असतो, आणि कारखानदाराने ती घडवली तशीच वापरणे हा तो स्वतःच्या बुद्धीचा उपमर्द समजतो. खेळाची शिट्टी वाजून मंडळी दडी मारतात, तेव्हा हा मोटारीच्या डिकीत पाने, ग्रीजची डबी आणि रबरी कड्या मांडून एकेक कडे, खोटे नाणे पारखणाऱ्या सराफाप्रमाणे, उजेडाकडे धरून पाहत असतो.

टाकी आडवी झाली की द्रवरूप वायू बंदुकीत शिरतो आणि गोळी भलतीकडे जाते, ही त्याची आद्य कैफियत. सबब टाकीच्या पोटात वाकडी नळी बसवून तिचे तोंड वरच्या अंगाला राखावे, ही त्याची आद्य तजवीज. इथवर तो शहाणा असतो. पुढे मात्र, टाकी मोठी केली की जोर वाढतो, या सिद्धांतावर त्याची श्रद्धा जडते. वास्तविक आत द्रव शिल्लक असेतोवर दाब आकारमानाला नव्हे, तपमानाला बांधील असतो: २१ अंश सेल्सियसला दर चौरस इंचास सुमारे ८५० पौंड, आणि शून्याला जेमतेम ५००. परंतु निसर्गाचे हे फर्मान त्याच्या दप्तरी दाखल झालेले नसते. झडप टाकीतून निसटली तर माणूस दगावतो, हे ठाऊक असलेला दुकानदार तिला हात लावू देत नाही. त्यास हा भित्रा म्हणतो.

अखेर कार्बन डायऑक्साइडशी काडीमोड घेऊन तो ४५०० पौंड दाबाच्या हवेची टाकी आणतो. तिचा रेग्युलेटर तो दाब उतरवून पुन्हा ८००च्या आसपास आणून ठेवतो, ही गोष्ट तो चारचौघांत काढत नाही.

इतक्या खटाटोपानंतर गाठ पडते ती मैदानाच्या दाराशी ठेवलेल्या वेगमापकाशी. सेकंदास ३०० फुटांवर वेग जाता कामा नये, असा बहुतेक मैदानांचा दंडक. यंत्र ३२० दाखवते. पंच निर्विकार मुद्रेने स्क्रू पिळवून घेतो आणि भाड्याच्या बंदुकीइतकाच, २८० फुटांचा वेग कायम करतो. टाकीपंडित मात्र खचत नाही. वेग तोच असला तरी आपल्या वेगाचे खानदान निराळे आहे, असे तो पंचालाच समजावतो.

या खेळाचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर येथे झाला. बारा जण उतरले होते. जिंकला तो पेशाने वनपाल होता, आणि निशाणे गोळा करताना त्याने एकही गोळी झाडली नव्हती.