ग्रुपवाले काका

दहावीचा निकाल लागला की पावसाच्या आधी संभाजीनगरात दाखल होतात ते ग्रुपवाले काका. त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. ज्या घरात दहावीतलं लेकरू आहे आणि "याला डॉक्टर करायचंय" असं एकदा तरी मोठ्याने बोललं गेलंय, त्या घरी ते येऊन गेलेले असतात. सिडकोत ते शेजारी असतात, गारखेड्यात आईच्या मावसबहिणीचे यजमान, समर्थनगरात वडिलांचे निवृत्त सहकारी. कुणी पाटबंधारे खात्यातून बाहेर पडलेले, कुणी विम्याची कामं करणारे, कुणी वाळूजच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेले. पण खिशातलं बॉलपेन आणि अंगातली खोड सगळ्यांची एकच. पेढा हातावर ठेवला की तो तोंडात जायच्या आत ते म्हणतात, "एखादा पाठकोरा कागद द्या बरं." कागद आला की मधोमध उभी रेघ. डावीकडे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), उजवीकडे पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो), आणि रेघेवरच, दोन्हीकडे सारखं भिडेल असं एक मोठं वर्तुळ. वर्तुळात पीसीएमबी. खाली दोन रेघा मारून निकाल जाहीर होतो : "डॉक्टर होऊ द्या, नाही कोण म्हणतं? पण मॅथ्स ठेवा."

कागदाबाबत त्यांची एकच अट असते, तो पाठकोरा हवा. कोरी वही पुढे केली तर ते दुखावतात. मग लाइट बिलाच्या मागे, लग्नपत्रिकेच्या मागे, आहेराच्या पाकिटावर, तेराव्याच्या निमंत्रणावर, जिथे मिळेल तिथे ते वर्तुळ उमटतं. घाटी रुग्णालयात आजारी माणसाला भेटायला गेले आणि त्याचा मुलगा नववीतून दहावीत गेल्याचं कळलं, तर एक्स-रेचं पाकीट आहेच. राउंडला आलेल्या निवासी डॉक्टरला मग पेशंटच्या छातीच्या फोटोआधी पीसीएमबी वाचावं लागतं, आणि त्या बिचाऱ्याने स्वतः बारावीला मॅथ्स सोडून भूगोल घेतलेला असण्याची शक्यता बरीच असते.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पण कितीतरी घरांत अकरावीचे विषय याच कागदावर ठरतात, म्हणून त्यावरचं वर्तुळ एकदा नीट तपासायला हवं. काकांचं म्हणणं थोडक्यात असं : मेडिकल हुकलं तर इंजिनीअरिंग हाताशी राहावं. ऐकायला बिनतोड. आता मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर समोर ठेवा. प्रश्न १८०, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे. गुण ७२०, चुकीच्या उत्तराला एक वजा. गणिताचा एकही प्रश्न नाही. २०२४ मध्ये या परीक्षेला देशभरातून २४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर. या गर्दीत उतरलेलं लेकरू दोन वर्षं सकाळी क्लास, दुपारी टेस्ट आणि रात्री त्या टेस्टमधल्या चुका यातच असतं. त्याच्या वेळापत्रकात मॅथ्सला जागा उरते ती बारावीच्या बोर्डाआधीच्या पंधरवड्यात, गाइडातून पाठ केलेल्या पाच-सहा प्रकरणांपुरती. त्या बळावर ते पस्तीसच्या वर निघेलही, पण इंजिनीअरिंगच्या सीईटीला त्याची गाठ पडणार दोन वर्षं गणितच घोटलेल्या मुलांशी. हाताशी ठेवलेलं इंजिनीअरिंग मग गुणपत्रिकेपुरतंच हाताशी राहतं. आणि मॅथ्सच अडकलं तर बारावी अडकते, पुरवणी परीक्षा गळ्यात पडते आणि नीटचा स्कोअर घेऊन घरी बसायची वेळ येते. हा धोका मात्र पाठकोऱ्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.

यावर काकांकडे एक तयार उत्तर असतं, आणि ते खोडून काढण्याआधी त्यातला खरा भाग मान्य करायला हवा. "मॅथ्स सोडलेल्या पोरांची फिजिक्समध्ये दांडी उडते," असं ते म्हणतात. उडतेच. सदिश, लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, त्रिकोणमितीची चार सूत्रं याशिवाय अकरावीचं भौतिकशास्त्र हलत नाही, आणि नीटमध्ये मराठवाड्यातल्या पोरांना रडवणारा विषय कोणता असं विचारलं तर कुठल्याही क्लासचे सर फिजिक्सच म्हणतील. पण या गरजेपुरतं गणित फिजिक्सचे बरे सर पहिल्या पंधरा-वीस दिवसांत शिकवून मोकळे होतात. त्यासाठी दोन वर्षं संभाव्यता आणि शंकुच्छेद पाठीवर वाहायची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सोळा वर्षांच्या पोराला काय कळतं, त्याचं मन उद्या बदललं तर? मन बदलण्याची मुभा हवीच, पण ती मुभा विषय जास्त घेऊन मिळत नाही. अभ्यासाचे तास सगळ्यांना सारखेच, एकेका विषयाच्या वाट्याला येणारे तास तेवढे कमी होतात. शिवाय मेडिकल हुकलेली मुलं खरोखर जातात कुठे? बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, व्हेटर्नरी. यातल्या एकालाही बारावीचं गणित लागत नाही. बी.फार्म. आणि कृषी पदवी पीसीबीवरही मिळते. म्हणजे काका ज्याला बॅकअप म्हणतात ते उजवीकडच्या रकान्यात आधीपासूनच होतं. वर्तुळ नाहक काढलं.

त्यातही गंमत अशी की रस्ता आता उलट दिशेनेही मोकळा झालाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांनी ते नंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून अतिरिक्त विषय म्हणून पास केलं तरी त्यांना नीट देता येईल. या नियमानुसार काकांनी वर्तुळ डावीकडे सरकवायला हवं होतं : मॅथ्स घ्या, बायो सावकाश घ्या. ही बातमी वाचून एकाही काकाने वर्तुळ हलवल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकेत तर मेडिकलला जायचं म्हणून पदवीचा कुठलाही एक ठरलेला विषय नसतो. इतिहास शिकावा, संगीत शिकावं, सोबत ठरावीक विज्ञानाचे कोर्स पुरे करावेत. न्यू यॉर्कच्या माउंट सिनाई मेडिकल कॉलेजने १९८७ पासून साहित्य आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट काढली आणि त्यांना नेहमीच्या प्रवेश परीक्षेतून वगळलं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या तेव्हा त्यांनी कुठला ग्रुप ठेवला होता हे त्यांना कुणी विचारलं नाही, १८८६ मध्ये पदवी मात्र मिळाली. तेव्हा काका नव्हते, हे त्यांचं भाग्य. (त्यांचे पती गोपाळराव होते, ही गोष्ट वेगळी.)

मग काका का चुकतात? मूर्ख आहेत म्हणून नाही. त्यांचं ज्ञान बरोबर एका प्रवेशाइतकं जुनं असतं. ते त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वेळी, रजा टाकून, रांगेत उभं राहून मिळवलेलं असतं, आणि ते हाती येईस्तोवर सरकारने नियम बदललेला असतो. एकेकाळी बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं. मग राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पुन्हा सीईटी. २०१६ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, नीट परतली, आणि त्या वर्षापुरती राज्यांना सूट द्यायला केंद्राला वटहुकूम काढावा लागला. २०२४ मध्ये काही मुलांना वाढीव गुण दिले, ते परत काढून घेतले आणि १,५६३ जणांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला. मराठवाड्याच्या वाट्याला यात आणखी एक दुखणं होतं. घाटीचं मेडिकल कॉलेज १९५६ चं. त्यानंतर अंबाजोगाई, नांदेड, लातूर. कितीतरी वर्षं आठ जिल्ह्यांना सरकारी मेडिकल कॉलेजं एवढीच. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही सगळी अलीकडची भर. त्यात ७०:३० चा नियम, म्हणजे विभागातल्या सत्तर टक्के जागा विभागातल्याच मुलांना. जिथे कॉलेजं जास्त तिथल्या मुलांना तो सोयीचा, आपल्याला जाच. तो गेला सप्टेंबर २०२० मध्ये. ज्या माणसाने एवढे नियम बदलताना पाहिलेत त्याचा कुठल्याच नियमावर विश्वास न उरणं साहजिक आहे. तो दोन्हीकडे पाय ठेवायला सांगणारच.

आणि अकरावीचा ग्रुप या गोष्टीला आता अर्थ तरी किती उरलाय? ज्या कॉलेजात पोराचं नाव असतं त्याची इमारत बऱ्याच घरांत फक्त फीच्या पावतीवर पाहिलेली असते. नाव तालुक्याच्या कुठल्या तरी ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगं दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये, याला 'टाय-अप' म्हणतात आणि ते उघड चालतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. आदेश निघाला, यंत्रं आली, क्लासच्या बॅचेस तशाच सुरू राहिल्या. प्रात्यक्षिकाचे गुण घरबसल्या मिळतात. बेडूक कधी न पाहिलेलं पोरगं बेडकाच्या रक्ताभिसरणावरचे चारही प्रश्न बरोबर सोडवतं. या व्यवस्थेत ग्रुप घ्यायचा कुठला हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने अजून विचारतात ते एकटे काकाच. बाकी सगळे क्लासची फी किती हप्त्यांत भरायची एवढंच विचारतात.

काकांच्या बाजूने बोलायचं तर इथून सुरुवात करावी लागेल, आणि बोलणं भाग आहे. वर्तुळ काढून झाल्यावर कागदाच्या तळाशी उरलेल्या बोटभर जागेत ते बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहितात : फिजिओ, नर्सिंग, फार्म., ॲग्री. जालना रोडवरच्या क्लासच्या होर्डिंगांवर ही ओळ कधी दिसली नाही. तिथे पोरांचे फोटो, गुण आणि कॉलेजांची नावं असतात. २४ लाखांतले लाखभर सोडून बाकीच्यांचं काय होतं, याचा उल्लेख करण्याची हिंमत, बोटभर जागेत का होईना, काकांनाच होते. बहुतेकदा त्यांचं स्वतःचं लेकरू त्याच ओळीत कुठे तरी असतं. त्याचं उदाहरण ते देत नाहीत, शेजाऱ्यांच्या मुलाचं देतात.

आणि एक सल्ला ते असा देतात की त्यात खोट काढायला जागा नाही. राखीव प्रवर्गातल्या मुलाला मेडिकलच्या प्रवेशावेळी कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र, लागते, आणि तिचा अर्ज अकरावी-बारावीतच पडताळणी समितीकडे जायला हवा. ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. मराठवाड्यात हा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाही तर निजामकाळातलं एखादं उर्दूतलं कागदपत्र, जे आधी सापडलं पाहिजे आणि मग कुणी तरी वाचून दिलं पाहिजे. नीटमध्ये पुरेसे गुण आणि हातात व्हॅलिडिटी नाही म्हणून जागा गमावलेली मुलं काकांनी पाहिलेली असतात. खासरा पत्रकाची नक्कल कुठल्या टेबलावर मिळते, जुन्या शाळेतलं कपाट कोण उघडतं, शहागंजच्या बाजूला उर्दू वाचून देणारा माणूस कुठे बसतो, हे सगळं त्यांना पाठ असतं आणि सोबत यायचीही त्यांची तयारी असते. मॅथ्स ठेवावं की सोडावं यावर एक तास गेल्यावर हा विषय निघतो, तेव्हा काका उंबऱ्याबाहेर चपला शोधत असतात. त्यांनी "व्हॅलिडिटीचं तेवढं आत्ताच..." म्हणेपर्यंत आतल्यांनी दार लोटायला घेतलेलं असतं.