धाप लागल्यावर काढायचे फोटो

सायकलवाल्यांना वजनाचा तिटकारा असतो आणि कॅमेरावाल्यांना वजनाचा अभिमान. हे दोन्ही रोग एकाच माणसाला झाले, तर घरच्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आधी कुलपात ठेवावा. आमच्याकडे तो उघड्यावर होता. केकचा मैदा मोजायला आणलेल्या त्या काट्यावर पंप चढला, ट्यूबा चढल्या, पंक्चर किट चढलं, आणि मग मित्रांकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेले कॅमेरे एकामागून एक चढू लागले. "उद्या केक फुगला नाही तर तो ग्रीसचा दोष," एवढंच बायको म्हणाली.

आमच्या सायकल ग्रुपात हाडांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी सीटखालचा चांगला ॲल्युमिनियमचा दांडा काढून कार्बनचा बसवला आणि मूठभर ग्रॅम वाचवले. त्या आनंदात पिरंगुटला दोन मिसळी हाणल्या, वर एक्स्ट्रा पाव. याच डॉक्टरांनी मला विचारलं, "कॅमेरा कशाला रे वागवायचा? फोन आहे ना."

फोन आहे. पण तो हँडलवर रस्ता दाखवतो, स्ट्रावाला हिशोब देतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो. पावसात तर त्याला माझं बोट कुठलं आणि थेंब कुठला हे कळत नाही. ताम्हिणीत त्याने परस्पर माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. शिवाय फोनमध्ये एक मोठी उणीव आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मिररलेसचं तत्त्व मला पटलेलं होतं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला उघडझाप करायला जागा सोडावी लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर होतं, नव्या झेड माउंटला ते सोळा आहे. आरसा गेला, कॅमेरा रोडावला. इथपर्यंत छान. पण लेन्सला या डाएटशी काही देणंघेणं नसतं. सोनीचा ए-सेव्हन-फोर 658 ग्रॅमचा. त्यावर मित्राने कौतुकाने लावून दिलेली 24-70 जीमास्टर, पहिली आवृत्ती, 886 ग्रॅमची. काटा दीड किलोच्या पुढे गेला. तेवढ्या वजनात दोन मोठे सिपर भरून निघतात, आणि पाणी निदान पिता तरी येतं.

सिॲटलचा भाचा फुल-फ्रेमचा वारकरी. त्याला फोन केला की तो सेन्सरचं क्षेत्रफळ सांगतो. "मामा, फुल-फ्रेम 36 बाय 24. तुझा तो मायक्रो फोर थर्ड्स 17.3 बाय 13. पावभर सेन्सर! अंधारात किती नॉइज येईल?" त्याला म्हटलं, बाबा रे, अंधार पडल्यावर आम्ही फोटो काढत नाही, लॉज शोधतो. आणि मी काढलेल्या फोटोंचं अंतिम स्थान व्हॉट्सॲप. तिथे फुल-फ्रेम आणि पाव-फ्रेम दोघांनाही एकाच वरवंट्याखाली वाटतात. ओलिम्पस आणि पॅनासॉनिकने 2008 मध्ये हा छोटा सेन्सर मिररलेससाठी धरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखा घाटात डुगडुगणारा गृहस्थ नसेलही. पण लहान सेन्सरला लेन्सही लहान पुरते, आणि तिथे माझी गाडी रुळावर आली.

आता ती फोनची उणीव. चढावर मध्येच पाय टेकला की मागून येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय, दमलात?" कोणी ग्लुकोज देतं, कोणी सल्ला. सल्ला जास्त. तेच तुमच्या हातात कॅमेरा असेल तर लोक वाट सोडून, आवाज न करता पुढे जातात. तुम्ही दमलेले नसता, तुम्ही प्रकाशाची वाट बघत असता. घाटात सन्मानाने थांबण्याचं इतकं भक्कम कारण दुसरं नाही. चेन उतरली असं फार तर दोनदा सांगता येतं. फोन काढून उभं राहिलं तर लोकांना वाटतं घरून फोन आलाय. म्हणजे कॅमेरा वाहून नेण्याइतका हलका हवा, पण लांबून ओळखू येण्याइतका मोठाही हवा. ही अट कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. सोनीचा जुना ए-सिक्स-थाउजंड, अवघा 344 ग्रॅम, जर्सीच्या मागच्या खिशात मावतो. फोटोही उत्तम. पण तो हातात लपतो, आणि पुन्हा "काय, दमलात?"

थांबलो की छाती भात्यासारखी चालते आणि हात तिच्या तालावर नाचतात. म्हणून कॅमेऱ्याच्या पोटात स्टॅबिलायझेशन हवं. यात सेन्सर हाताच्या उलट दिशेने सरकून थरथर मारतो. मायक्रो फोर थर्ड्सवाल्या ओएम-फाइव्ह कॅमेऱ्यासाठी कंपनी साडेसहा स्टॉपचा दावा करते. हा आकडा काढताना त्यांनी कुणाला वरंध घाट चढायला लावलं नसणार, तरी मी तो तोंडपाठ केला.

फोकल लेंथचा प्रश्न ग्रुपने सोडवला. सायकलस्वारांचे ते देखणे फोटो असतात ना, वळणावरून समोर येणारे, दात विचकून पेडल मारणारे? ते काढायचे तर फोटोग्राफरला सगळ्यांच्या पुढे जावं लागतं. थांबायचं, कॅमेरा काढायचा, फोटो घ्यायचा, कॅमेरा आत टाकायचा, आणि निघून गेलेल्यांना पुन्हा गाठून मागे टाकायचं. म्हणजे ग्रुपातल्या सगळ्यात दणकट माणसाने करायचं हे काम. मी शेवटचा असतो. माझ्या वाट्याला पाठी येतात, त्याही झपाट्याने लहान होणाऱ्या. वाइड अँगलने अशी पाठ टिपली तर फोटोत रस्ता, करवंदाची जाळी आणि एक ठिपका. तो ठिपका म्हणजे डॉक्टर, हे खाली लिहावं लागतं. मला लांबचा झूम हवा होता. ओलिम्पसची 14-150, दुसरी आवृत्ती, 285 ग्रॅमची आणि शिंतोड्यांना दाद न देणारी. फुल-फ्रेमच्या भाषेत 28 ते 300. या लेन्सने मी पुढच्या वळणावरच्या माणसाच्या जर्सीवरचं नाव वाचू शकतो.

जाता जाता. 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ही त्रयी 1928 मध्ये ती पुरी करून परतली. सत्तर हजारांवर किलोमीटर. त्यांचे एकत्र उभे असलेले फोटो आजही बघायला मिळतात. ते पाहताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की समोर उभं राहून फोटो काढणारा कोण होता, आणि त्याचा फोटो कुणी काढला?

राहता राहिला पाऊस. ओएम-फाइव्हला आयपी 53 हे मानांकन आहे. त्यातला पाच धुळीचा आणि तीन पाण्याचा: उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरपा पडणारा फवारा चालेल. ताम्हिणीच्या पावसाला ही अट कुणी कळवलेली नाही. तिथे वारा सुटला की पाऊस दरीतून वर येतो, आणि त्याच वेळी पुढच्या सायकलच्या चाकावरून चिखल आडवा येतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा साठ अंश बरे. लेन्स बदलायचा विचार मात्र सोडून दिला. मिररलेसमध्ये लेन्स काढली की बहुतेक वेळा सेन्सर उघडाच पडतो, आणि कोकणच्या लाल मातीला उघडी जागा दिसायचा अवकाश. एक कॅमेरा, एक लेन्स, दौरा संपेपर्यंत घटस्फोट नाही.

कॅमेरा ठेवायचा कुठे, यावर वाद सर्वांत जास्त चालला. पट्ट्याने पाठीवर टाकला तर हँडलवर वाकताच तो घसरून पोटाखाली येतो आणि गुडघ्याशी संसार मांडतो. पाठीला घट्ट आवळावा, तर डॉक्टर खूश. म्हणाले, "बांध की. पडलास तर रस्ता आणि मणका यांच्यामध्ये कॅमेरा. माझ्या क्लिनिकचं भाडं सुटेल." शेवटी हँडलबारची पिशवी घेतली, तळाशी जुन्या योगा मॅटचा तुकडा घातला, आणि जी पिशवीत मावेल तीच जोडी घ्यायची असं ठरलं. सेन्सर, माउंट, मेगापिक्सेल या सगळ्या चर्चेचा निकाल योगा मॅटने लावला. ओएम-फाइव्ह 414 ग्रॅम, वर लेन्सचे 285. काट्यावर सातशेला एक कमी आलं. भाच्याने नाक मुरडत तिकडून आणून दिला. चार्जिंगला जुनी मायक्रो-यूएसबी केबल लागते म्हणून त्याने दोनदा माफी मागितली. आमच्या घरात तसल्या केबलींनी भरलेला अख्खा खण आहे, आणि बायको तो कैक वर्षं टाकून द्यायला निघाली होती. त्या दिवशी मी घरात जरा ताठ चाललो. दौऱ्यावरून आलं की कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जातो, नाहीतर दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. डबा पूर्वी चकल्यांचा होता. त्याबद्दल घरात अजून बोलणी चालू आहेत.

मग दापोलीकडून किनाऱ्याने खाली निघालो. कोकणात सपाट रस्ता म्हणजे फेरीबोटीचा डेक. खाडी आली की जेटीपर्यंत उतार, पलीकडे उतरलं की सड्यावर चढ. उतारावर दऱ्या, माड, मचवे सगळं दिसतं आणि थांबवत नाही. चढावर भिंतीसारखा जांभा दिसतो आणि थांबायला मन आतुर असतं. माझ्याकडे आता जांभ्याचा फार चांगला संग्रह झाला आहे.

दाभोळची फेरी पलीकडे धोपाव्याला लागली. जेटी सोडली की चढ. मी शिरस्त्याप्रमाणे पहिल्याच वळणावर पाय टेकून प्रकाशाची वाट बघू लागलो. पुढे गेलेले डॉक्टर मला थोड्या वेळाने थांबलेले आढळले, कार्बनच्या दांड्याला टेकून, तोंड लालबुंद. मी जवळ गेलो आणि काही विचारणार, एवढ्यात त्यांनीच हात पुढे केला. "बघू, काय काय काढलंयस." ते सावलीत बसले. एकेक फोटो मोठा करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट पाहू लागले. बहुतेकांत त्यांचीच पाठ होती. एका जांभ्याच्या दरडीवर तर ते पुरातत्त्व खात्यातून आल्यासारखे रेंगाळले. ग्रुपातले दोघे वर निघून गेले. त्यांनी विचारलं नाही, नुसती मान हलवली. शेवटचा फोटो आला तेव्हा डॉक्टरांचा श्वास निम्म्याने उतरला होता.

"अजून आहेत का?" त्यांनी विचारलं.

"ताम्हिणीचे आहेत," मी म्हटलं. "पाचशेएक."

"दाखव, दाखव. घाई कसली आहे?"