पंधरातला एक अर्ज कृष्णेसाठी

साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात शिका, नाहीतर सांगलीच्या सोटी लॉ कॉलेजात, एलएल.बी. करताना पर्यावरण कायदा चुकत नाही. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तो सक्तीचा केला आहे. पुस्तकांत डेहराडूनच्या चुनखडीच्या खाणी असतात, दिल्लीची ओलियम गळती असते, कानपूरच्या टॅनरी आणि गंगा असते. हे निकाल वाचलेच पाहिजेत. पण महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड करत सांगलीला येणारी कृष्णा या मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे. शेरीनाला सांगलीचं सांडपाणी तिच्यातच सोडतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला, तोही साऱ्या गावाने पाहिला.

बार काउन्सिलच्या याच नियमांत मसुदालेखनाचा सक्तीचा पेपर आहे. दावे, अर्ज, कैफियती यांचे १५ मसुदे, प्रत्येकी ३ गुण. त्यात भाडेकरूला काढण्याचा दावा असतो, जामिनाचा अर्ज असतो. माझी मागणी एवढीच: पंधरातला एक मसुदा राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढच्या अर्जाचा असावा आणि विषय आपल्या नदीचा असावा.

हा अर्ज लिहायला बसलं की कायदा खरा कळतो. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली मुदत सहा महिन्यांची, तीही वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. सबळ कारण दाखवलं तर वर ६० दिवस. माणूस आधी ग्रामपंचायतीत जातो, मग कलेक्टर कचेरीत, मग प्रदूषण नियंत्रण मंडळात, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घेऊन थांबतो. त्या थांबण्यातच सहा महिने सरतात. नुकसानभरपाई हवी असेल तर कलम १५, तिथे मुदत पाच वर्षं. हा फरक हरिपूरच्या किंवा अंकलीच्या मच्छीमाराला कोणी सांगितलेला नसतो. मासे मेल्याची तारीख कशाने सिद्ध करायची, पाण्याचा नमुना कोणी, कुठून, कोणासमक्ष घेतला, हे प्रश्न नदीकाठी उभं राहिल्याशिवाय सुचत नाहीत.

आणि आपल्या नदीसाठी साधी माणसंही उभी राहू शकतात. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात येरळा नदीच्या वाळूवर हक्क सांगितला. ठेकेदार उपसून नेत होते तीच वाळू थोडी विकून त्यांनी बळीराजा स्मृती धरणासाठी पैसा उभा केला. त्यांच्यात कायद्याचे पदवीधर किती होते, हे कोणी विचारलं नाही.

भरपाई न मागणाऱ्या अर्जाचं लवादातलं शुल्क १,००० रुपये आहे. कायदा सहाय्य केंद्र प्रत्येक लॉ कॉलेजला ठेवावंच लागतं. तिथल्या टेबलावर या सत्रापासून मुलांचे मसुदे ठेवा, आणि काठावरच्या गावांना कळवा की ते तयार आहेत.