पिसूबाईंना जाहीर पत्र

श्रीमती पिसूबाई,
मु. पो. माजघर, फरशीची फट, यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

मे महिन्यात गावच्या घराला कुलूप लावून आम्ही मुंबई गाठली आणि गणपतीला दार उघडलं, तर स्वागताला तुम्ही सहकुटुंब हजर! एवढं अगत्य भावकीतही उरलेलं नाही. दिवा लावायच्या आत सगळ्यांच्या घोट्यांना गांधी उठल्या होत्या.

रिकाम्या घरात तुम्ही खात काय होतात, हा प्रश्न आम्हाला पडला. उत्तर ऐकून आदरच वाटला. पोटमाळ्यावर व्यालेली मांजर पिल्लांना घेऊन कधीच निघून गेली होती. तुमची पोरं मात्र धूळ माखलेल्या रेशमी कोशात गप्प पडून होती. तशी ती महिनोन्महिने राहतात म्हणे. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, एवढं मिळालं की बाहेर. म्हणजे तुम्हाला उठवलं ते आम्हीच, तेही टाळ वाजवत.

फवारणीवाला आला. 'गॅरंटी' म्हणाला आणि गेला. उड्या मारणाऱ्या होत्या त्या मेल्या, पण त्या म्हणजे तुमच्या गोतातला साधारण पाच टक्के हिस्सा. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश. अंडी गुळगुळीत, मांजरीच्या अंगावरून घरंगळून फटीत जातात. अळ्या तिथे अंधारात बसून तुमच्या विष्ठेतलं सुकलेलं रक्त खातात; वरून आईने धाडलेला डबाच तो. कोशावर तर औषधाची मात्रा चालतच नाही.

चुकीच्या जागी शोधाशोध करायची ही खोड तशी जुनी आहे. १८९६ साली मुंबईत, मांडवीत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान रस्त्यावर फेकलं, माणसं उचलून छावण्यांत नेली. तुमची उंदरावरची चुलत बहीण तेवढी कोणी तपासली नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तिच्याकडे बोट दाखवलं, तर त्याच्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. सरकारी चौकशीतून सहीसलामत सुटावं तर तुमच्या घराण्याने!

तेव्हा आता आमचा बेत ऐका. रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरणार, फटींतून आणि गाद्यांखालून. त्याच्या हादऱ्याने कोशातली मंडळी उठतील, आणि आम्हाला तेच हवं आहे: बाहेर आलेलीला औषध लागू पडतं. जमलेला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. गोधड्या कढत पाण्यात. फवाऱ्यात या वेळी अळ्यांची वाढ रोखणारं पायरिप्रॉक्सिफेनही आहे. मांजर पुन्हा दारात येऊ लागली आहे. तिला बारीक दातांच्या फणीने विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवतो. फणीतले काळे कण ओल्या कापसावर ठेवले की लालसर डाग पसरतो. तुमची हजेरी आम्ही तशी घेतो. हे सगळं काही आठवडे न कंटाळता करायचं आहे, आणि तुमची सारी भिस्त आमच्या कंटाळ्यावर आहे, हे आम्ही जाणून आहोत.

कळावे,
आपला,
घरमालक (सातबाऱ्यापुरता)

ता. क. कुत्र्यासाठी आणलेलं परमेथ्रिनचं औषध मांजरीला चोपडा, असा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता. त्याने मांजर दगावू शकते, आणि फटीतल्या तुमच्या पोरांना मात्र काहीच होत नाही. काका तुमच्या बाजूचे आहेत काय, ते कळवावे.